मुंगी कोणाच्या खात्यावर?

शाकाहारी म्हणजे झाडपाला खाणारा, ही व्याख्या आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की खुद्द झाडपाला काय खातो, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. झाडाला पाणी घालावं, जमलं तर शेणखत घालावं, दिवेलागणीनंतर पान तोडू नये कारण ते झोपलेलं असतं, एवढं वनस्पतिशास्त्र प्रत्येक घरात आजीकडून आलेलं असतं. पण झाड जेवायला बसतं आणि पानात आमटी-भात न घेता जिवंत मुंगी घेतं, हे काही आजीनं सांगितलेलं नसतं. त्यामुळे असं एखादं झाड घरात आलं की सगळी घडी विस्कटते. सोवळ्यात कोणाला धरायचं आणि ओवळ्यात कोणाला, याचा हिशेब नव्यानं मांडावा लागतो. आणि हिशेब म्हटला की तो घरातल्या बँकवाल्याच्याच गळ्यात पडतो.

झाडाचं नाव दवबिंदू. शास्त्रीय नाव ड्रोसेरा. त्या ग्रीक शब्दाचा अर्थही दवानं ओलावलेली असाच आहे. इंग्रज तिला सनड्यू म्हणतो. म्हणजे तीन भाषांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिघीही फसल्या. कारण पानावर उन्हात जे चमकत असतं ते दव नव्हेच. दव असतं तर आठ वाजता उडून गेलं असतं. हे भर दुपारीही तसंच असतं. पानभर लालसर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला मोहरीहून बारीक गाठ आणि त्या गाठीवर चिकट रसाचा एकेक थेंब. चिलटाला वाटतं, मध. ते येऊन बसतं. एक पाय चिकटला की तो सोडवण्यासाठी दुसरा टेकवतं, दुसरा सोडवण्यासाठी तिसरा. (कर्ज फेडायला कर्ज काढणाऱ्यांची अशीच तऱ्हा होते, त्या विषयावर पुढे यायचंच आहे.) मग आजूबाजूचे केस सावकाश वाकून त्याच्या अंगावर येतात, जणू गर्दीतले लोक काय झालं म्हणून डोकावताहेत. किड्यांना श्वास घ्यायची भोकं अंगावरच असतात, ती रसानं बुजतात आणि बहुधा पाव तासात खेळ आटोपतो. त्यानंतर पान पाचक रस सोडतं, त्याला पचवतं, आणि काही दिवसांनी उघडतं तेव्हा वर नुसतं टरफल असतं. ना आरडाओरडा, ना रक्ताचा थेंब. इतक्या सभ्यपणे जेवणारं माणूससुद्धा मी पंगतीत पाहिलेलं नाही.

ही काही परदेशी थेरं आहेत असं समजू नका. दवबिंदूचं एक माहेर आपल्या साताऱ्यालाच आहे. कासच्या पठारावर पावसाळ्यात तिच्या दोन जाती उगवतात, ड्रोसेरा इंडिका आणि ड्रोसेरा बर्मनाय. तिथे खाली जांभा दगड आणि वर बोटभर माती. चार महिने पाऊस असा कोसळतो की मातीत जे काही सत्त्व असेल ते धुऊन जातं. आता झाडाचं असं असतं की सूर्यप्रकाश हा त्याचा पगार. तो वेळेवर मिळतो. पण नायट्रोजनचा भत्ता म्हणून जो असतो तो या जमिनीनं कधी मंजूरच केलेला नाही. मग माणूस काय करतो? वरकमाई बघतो. दवबिंदूनंही तेच केलं. सह्याद्रीच्या ज्या जागांना २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यांत हे कास आहे. तिथे लोक गाड्या करून फुलं बघायला जातात आणि सीतेची आसवं नावाच्या निळ्या-जांभळ्या गालिच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. पायाशी चिकटून असलेली दवबिंदू कोणाला दिसत नाही. गंमत अशी की ती सीतेची आसवंही त्यातलीच! त्यांच्या जमिनीखालच्या धाग्यांना बारीक फुगे असतात आणि ते ओल्या मातीतले सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. म्हणजे ज्याच्यासमोर नवी जोडपी हातात हात घालून उभी असतात, तो अख्खा गालिचा त्या क्षणी जेवत असतो.

आमच्या घरात मात्र कासची नव्हे, दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांतातली आली. कासवरनं रोप उपटून आणणं बेकायदा आहे आणि ते तसंच असायला हवं. ही कॅपेन्सिस नावाची जात कुंड्यांतून मुकाट्यानं वाढते, रोपवाटिकावाले बियांपासून तिची रोपं करतात. पुण्यात शिकणाऱ्या भाच्यानं ती माझ्या वाढदिवसाला कुरिअरनं पाठवली. थर्माकोलच्या खोक्यात चार लांबट पानांचं रोप आणि एक चिठ्ठी. ‘मामा, हिला खत घालायचं नाही. नळाचं पाणी घालायचं नाही. पनीर, मटण असलं काही भरवायचं नाही, पान कुजतं. घरात किडे येत नसतील तर पंधरा दिवसांतून एखादी मुंगी किंवा चिलट चिमट्यानं पानावर ठेवायचं.’

ही चिठ्ठी वाचून आमची ही म्हणाली, “बाळंतिणीचंसुद्धा इतकं पथ्य नसतं.”

तसं पाहिलं तर कुपवाड हे काही दवबिंदूनं नाव काढावं असं गाव नव्हे. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड या तिघांचं मिळून एक रेशनकार्ड झालं, म्हणजे महानगरपालिका झाली. त्यात सांगलीला गणपती मिळाला, मिरजेला सतार मिळाली आणि आम्हाला एमआयडीसी मिळाली. बोअरचं पाणी असं जड की पातेल्यात उकळलं तर तळाला पांढरी रांगोळी उमटते. ते क्षार दवबिंदूच्या मुळांना सोसत नाहीत. तिला लागतं पावसाचं पाणी, नाहीतर डिस्टिल्ड वॉटर. पावसाचं पाणी कुपवाडात वर्षातून थोडे दिवस मिळतं, उरलेले दिवस गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणायचं. गॅरेजवाल्यानं विचारलं, “गाडी कुठली?” मी म्हटलं, “झाड आहे.” त्यानं कॅन दिला, पण सुटे पैसे परत करताना दोनदा मोजून दिले. वेड्या माणसाशी व्यवहार करताना घ्यायची काळजी ती त्यानं घेतली.

माती तर त्याहून बिकट. आमची काळी माती म्हणजे ऊस काय, हळद काय, द्राक्षं काय, काहीही टाका! पण हिला ती विष. हिला धुतलेली वाळू आणि शेवाळ, बस्स. सांगली जिल्ह्यात लोक पोत्यांनी खत टाकतात, बँका त्या खतासाठी कर्ज देतात आणि आम्ही त्या कर्जाचे कागद करतो. अशा जिल्ह्यात खत घातल्यावर मरणारं झाड आहे असं मी शाखेत सांगितलं तेव्हा आमच्या शेती विभागातल्या माणसानं माझ्याकडे गॅरेजवाल्याच्याच नजरेनं पाहिलं.

पण झाड जगलं. मोरीच्या खिडकीत, पाण्याच्या बशीत उभं राहून, एप्रिलच्या उन्हात सावलीला सरकत. आणि मग आला मुंगीचा प्रश्न.

इथं थोडं डार्विनबद्दल सांगायला हवं, कारण या विषयात आपल्याआधी हात घालणारा गृहस्थ तो आहे. १८६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडातल्या ससेक्समध्ये फिरताना त्यानं दवबिंदूची बारा रोपं उचलली. त्यांवर छप्पन्न उमललेली पानं होती आणि त्यांतल्या एकतीस पानांवर मेलेले किडे किंवा त्यांचे अवशेष होते. दुसरा कोणी असता तर पुढे चालायला लागला असता. डार्विननं पंधरा वर्षं तो नाद धरला आणि १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर जाडजूड ग्रंथ काढला. त्यानं त्या पानांवर काय काय ठेवून पाहिलं! कच्चं मांस, अंड्यातला पांढरा बलक, दूध, चीज. नागाचं विषसुद्धा! नायट्रोजन ज्याच्यात आहे त्यावर पान तुटून पडायचं. साखर ठेवली, पान हललं नाही. चहा घालून पाहिला, तरी हललं नाही. चहा आणि साखरेनं जे हलत नाही असं ठिकाण पृथ्वीवर आहे हे सिद्ध करणारा हा पहिलाच शास्त्रज्ञ असावा. आपल्या कचेऱ्यांमधून ही वनस्पती का लावत नाहीत कोण जाणे. तिच्या केसांची नाजूक जाण किती? मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही हलका असा माणसाच्या केसाचा तुकडा गाठीला टेकला, तरी ती वाकते. उलट पावसाचे थेंब ताडताड पडले तरी ढिम्म. कशानं हलायचं आणि कशानं नाही हे तिला बरोबर कळतं.

पण माझ्या प्रश्नाला जो भिडतो तो प्रयोग डार्विनचा नव्हे, त्याच्या मुलाचा, फ्रान्सिसचा. १८७८ साली तो प्रसिद्ध झाला. त्यानं दवबिंदूची रोपं वाटून घेतली. काहींना भाजलेल्या मांसाचे बारीक कण द्यायचे, काहींना काही नाही. काही न मिळालेली रोपं मेली नाहीत, बरं का. फक्त जेवलेल्या रोपांना त्यांच्या दुपटीहून जास्त बिया आल्या. यात मेख आहे. दवबिंदूला मुंगी हवी ती जगण्यासाठी नव्हे, भरभराटीसाठी. मुंगीच्या बाजूनं मात्र प्रश्न निव्वळ जगण्याचाच.

आमच्या घरात हा प्रश्न ज्या दिवशी निघाला त्या दिवशी रविवार होता, त्यामुळे सभेला गणसंख्या पुरी होती. माझी आई गेली कित्येक वर्षं परसात तुळशीजवळच्या वारुळाशी मुंग्यांना साखर घालते. चिमूटभर, रोज. आणि मी चिमटा घेऊन त्याच रांगेपाशी वाकलेला. म्हणजे आई मुंग्यांना घालते साखर आणि मुलगा झाडाला घालतो मुंग्या, अशी एका छपराखाली साखळी तयार होत होती. आई म्हणाली, “अरे, मी त्यांना खाऊ घालते ते काय तुझ्या झाडासाठी पोसते की काय?” याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं, पण सौभाग्यवतीपाशी होतं. ती ओट्याखाली लक्ष्मणरेषेचा खडू ओढत होती. ती म्हणाली, “एका मुंगीवरनं काय चाललंय? सकाळपासून इथं शंभर तरी गेल्या असतील. त्यांचं कोणी सुतक धरलं नाही.”

हे खरं होतं. खडूनं शंभर मरतात, पालिकेची धुराची गाडी गल्लीतून गेली की डास किती मरतात त्याची गणतीच नाही, आणि दोन्ही वेळा आम्ही चहा पीत असतो. मग चिमट्यातली ही एकच मुंगी इतकी जड का व्हावी?

एवढ्यात कुंपणापलीकडून अण्णा आले. अण्णा जैन, सांगलीच्या हळदपेठेत हयात घालवलेले. पाणी गाळून पिणार, दिवस मावळायच्या आत जेवणार, आणि वाटेत किडा दिसला तर धोतर सावरून वळसा घालणार. त्यांना वाद घालायची हौस नाही. पण वाद घालणाऱ्याला हिशेब चुकीचा मांडलेला दाखवायची आहे. पेठेतली सवय.

“काय कराय लागलाय सायेब?” ते म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून दवबिंदूकडे बराच वेळ पाहिलं.

“ह्ये झाड म्हंजे एकेंद्रिय,” ते म्हणाले. “त्याला नुसता स्पर्श. मुंगीला तीन इंद्रियं. माशी-डासाला चार. आता एका इंद्रियाचा जीव चार इंद्रियांच्या जिवाला खातोय म्हंजे उलटंच झालं की वो.”

बँकेत ज्येष्ठता यादीवर जन्मभर भांडणं पाहिलेल्या मला हे एकदम पटलं. शिपायानं हेडक्लार्कला खाऊन टाकावं असा हा प्रकार. मी म्हटलं, “मग अण्णा, झाडाला पाप लागतं का?”

“झाडाला कशाचं पाप? त्याला मन हाय व्हय? त्याच्याकडं चिलट आलं आपल्या पायानं, गेलं आपल्या करमानं.” मग माझ्या हातातल्या चिमट्याकडे बोट करून म्हणाले, “पर ह्येच्यामागं मन हाय की.”

मी माझ्या बचावाचे मुद्दे काढले. काढणारच. कॉमर्सचा पदवीधर असलो तरी महाभारत वाचलेलं आहे. वनपर्वात तो मिथिलेचा धर्मव्याध आहे ना? कौशिक नावाच्या ब्राह्मणाला आपल्या तपाचा गर्व झाला होता, त्याला एका गृहिणीनं या मांसविक्याकडे शिकायला पाठवलं. धर्मव्याध स्वतः जनावर मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेल्याचं मांस विकतो, आणि स्वतः खातही नाही. म्हणजे मधला माणूस. वर तो सांगतो की नांगर धरला की जमिनीतले जीव मरतात, धान्याच्या दाण्यातही जीव आहे, तेव्हा पूर्ण अहिंसक असा कोण आहे? मी म्हटलं, मीही तसाच मधला. मारणार झाड, खाणार झाड, मी फक्त पोचवणार.

दुसरा मुद्दा शिबी राजाचा. होला शरण आला, ससाणा म्हणाला हे माझं अन्न, तेव्हा राजानं स्वतःच्या मांडीचं मांस कापून दिलं. मी अण्णांना म्हटलं, मी मुंगी सोडून डास घातला तर? कुपवाडातला डास म्हणजे रक्त पिऊन टम्म झालेला, आणि ते रक्त बहुतेक माझंच. तो मी दवबिंदूला दिला तर हिशेबानं माझंच रक्त तिला पोचलं. शिबी राजात आणि माझ्यात फरक फक्त वजनाचा.

“राजानं मांडी दिली,” अण्णा म्हणाले, “होल्याला न्हाई दिलं.”

एवढं बोलून ते निघून गेले. सूर्य मावळतीला लागला होता आणि त्यांचं जेवण व्हायचं होतं.

धर्मव्याधाचंही त्या रात्री पुन्हा काढून वाचलं. तो मधला माणूस आहे खरा, पण मध्ये असल्याचा आडोसा तो घेत नाही. आपला धंदा घोर आहे यात शंका नाही, असंच तो आधी सांगतो. धंदा वाडवडिलांचा आहे, वाट्याला आलेला आहे, म्हणून तो करतो; पण तो सौम्य आहे असं कुठं म्हणत नाही. ही गोष्ट सांगणारे आपण लोक नांगराचं वाक्य तेवढं लक्षात ठेवतो आणि घोर हा शब्द सोयीनं गाळतो.

आता मघाशी जो विषय पुढे ढकलला होता त्यावर येतो.

आमच्याकडे थकलेल्या कर्जांची यादी निघते. ती यादी मी करत नाही. यंत्र करतं. किती दिवस हप्ता आला नाही की नाव यादीत जायचं, तो नियम वरून आलेला असतो. नोटिशीचा मजकूर छापील असतो. मी नाव तपासतो, पाकिटात घालतो आणि नोंदवहीत बारीक सही करतो. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार होते. लागोपाठ दोन वर्षं ऐन काढणीत अवकाळी पाऊस झाला आणि बाग गेली. त्यांना नोटीस गेली. चार दिवसांनी ते स्वतः ते पाकीट घेऊन काउंटरवर आले. भांडायला नव्हे. पाकीट समोर ठेवून त्यांनी विचारलं, “सायेब, ही तुमी धाडली का?”

मी म्हटलं, “बँकेनं पाठवली.”

ते म्हणाले, “बँकेला हात असत्यात व्हय?”

आवाजात राग नव्हता. कुतूहल म्हणून विचारावं तसं विचारलं. मग पोच देण्यासाठी सही कुठं करायची ते विचारून घेतलं, माझंच पेन मागितलं, सही केली, आणि पेनाला टोपण लावून ते परत दिलं. टोपण लावून परत देणारा गिऱ्हाईक वर्षातून एखादा भेटतो.

नियमानं पाहिलं तर त्या नोटिशीत काडीचाही दोष नव्हता. ठेवीदारांचे पैसे असेच वसूल होतात, आणि ते ठेवीदारही काही सावकार नसतात. निवृत्त मास्तर असतात, विधवा बायका असतात. हे मला ठाऊक आहे आणि त्या बागायतदारालाही ठाऊक होतं. पण त्याचा प्रश्न बँकेबद्दल नव्हताच. हाताबद्दल होता.

आमच्याकडच्या कुठल्याही व्हाउचरवर तीन सह्या असतात. तयार करणाऱ्याची, तपासणाऱ्याची, मंजूर करणाऱ्याची. चोरी होऊ नये म्हणून ही सोय आहे आणि ती उत्तम आहे. पण तिचा एक जोडधंदा आहे. तयार करणाऱ्याला वाटतं, तपासणारा आहे. तपासणाऱ्याला वाटतं, मंजूर करणारा बघेल. मंजूर करणारा म्हणतो, खालून दोन सह्या होऊन आलंय, मी काय बघायचं? चोरी अशी कुठं होत नाही, पण जबाबदारी तिघांच्या मधल्या फटीतून पडून जाते. लक्ष्मणरेषेच्या खडूचंही तेच आहे. कारखान्यात खडू करणाऱ्यानं मुंगी पाहिलेली नाही, दुकानदारानं पाहिलेली नाही, ओढणारीनं रेघ पाहिली, आणि मुंगी मेली ती आपली आपण, कुठंतरी फरशीखाली. शंभर मुंग्या आणि कोणाच्याच खात्यावर नाहीत!

खिडकीशी मात्र तिन्ही सह्या माझ्याच होत्या. रांगेतून ही मुंगी घ्यायची की तिच्या मागची, हे ठरवणारा मी. चिमट्यात धरणारा मी. आणि पानावर टेकवल्यावर तिचे पाय कसे एकेक करून अडकतात ते चष्मा लावून बघणारा मीच. ती मुंगी जड होती ती यामुळे. चिमट्यातली काय, खडूनं मेलेली काय, मुंगी तेवढीच मेलेली असते. हलकं होतं ते आपलं मन. आणि मन हलकं होण्याचा उपाय म्हणजे मधे माणसं वाढवणं, हे मी काउंटरच्या अलीकडे बसून इतकी वर्षं बघतो आहे.

हे भाच्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “मामा, एवढं असेल तर माशांचं खाद्य मिळतं डबीत. दोन कण ओले करून पानावर ठेव. चालतं तिला.” मी डबी आणली. मागे बारीक अक्षरात काय काय घातलंय ते लिहिलेलं होतं. मासळीची पूड, कोळंबीची पूड. म्हणजे मधे आणखी चार माणसं आली, एक कारखाना आला, एक झाकण आलं. अण्णांना दाखवली. त्यांनी डबी लांब धरूनच वाचली आणि म्हणाले, “ही झाली बँक.”

डबी फडताळात आहे. बंद आहे. चिमटा बायको भुवयांसाठी घेऊन गेली. दवबिंदू खिडकीत आहे, खिडकी उघडी असते, आणि कुपवाड आहे म्हटल्यावर चिलटांना तोटा नाही. जे येतं ते येतं. त्यातही मेख आहेच, मला ठाऊक आहे: खिडकी उघडणारा हात कोणाचा? एका श्रावणात ती आठ दिवस बंद ठेवून पाहिली, तर घरभर कोंदट वास यायला लागला आणि मंडळींनी ती माझ्या मताला न विचारता उघडली. चातुर्मासात ओल्या जमिनीवर जीव फार उगवतात, पायाखाली येऊ नयेत म्हणून जैन मुनी एका गावी थांबतात. नेमक्या याच चार महिन्यांत कासच्या दवबिंदूचा जेवणाचा हंगाम असतो. दोघांचं पंचांग एकच, दोघंही जागेवर बसून, आणि काढलेले अर्थ केवढे वेगळे!

(जाता जाता एक सांगायचं राहिलं. होमिओपॅथीत डांग्या खोकल्यावर ड्रोसेरा नावाचं औषध देतात. लहानपणी मला ते दिल्याचं आई सांगते. म्हणजे आमच्या घराण्यानं ही मांसाहारी बाई एकदा शुद्ध शाकाहारी म्हणून पोटात घेतलेली आहे. अर्थात होमिओपॅथीत औषध इतकं पातळ करतात की गोळीत शिल्लक राहतं ते नाव.)

मध्यंतरी तिला फुलं आली. पानांच्या बेचक्यातून एक दांडा निघाला, विंचवाच्या नांगीसारखा वळलेला, आणि रोज थोडा थोडा उलगडत वीतभर उंच गेला. दवबिंदू फूल मुद्दाम उंचावर धरते, पानांपासून लांब, असं म्हणतात. कारण फुलावर येणारी मधमाशी कामाची आणि पानावर येणारं चिलट खायचं, दोघांची गल्लत होऊन चालायचं नाही. दांड्यावर कळ्या ओळीनं असतात आणि एका सकाळी एकच उमलते. गुलाबी-जांभळं, पाच पाकळ्यांचं, शर्टाच्या गुंडीएवढं फूल.

आईनं ते पाहिलं आणि विचारलं, “हे देवाला चालेल का रे?”

ही म्हणाली, “चालेल कसं? नॉनव्हेज आहे ते.”

आई म्हणाली, “फूल कुठे काय खातं? खातात ती पानं.”

अण्णा कुंपणाशी होते. त्यांना पंच नेमलं. ते म्हणाले, “फूल चांगलं हाय. पर तोडायचं कशाला? त्यातबी जीव हाय की.” आई म्हणाली, तोडलं नाही तर देवाला वाहायचं कसं? हिनं सुचवलं, कुंडीच देवघरात नेऊन ठेवू. त्यावर आई म्हणाली, आणि नैवेद्याच्या दुधावर चिलटं येतात ती? ती देवासमोर मरायची?

मला बँकेला उशीर होत होता. मी डबा घेऊन निघालो. दुपारी घरी फोन करून विचारलं, काय ठरलं? ही म्हणाली, काही ठरायच्या आतच दुपारी ते मिटून गेलं. उद्या दुसरं उमलेल. आईनं अण्णांना सकाळी आठला यायला सांगितलंय.